शब्दांची मुळं की बातमीतली वाक्यं?

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचे दोन रस्ते दिसतात. एक लॅटिन मुळांचा. ‘स्पेक’ म्हणजे पाहणे, एवढं कळलं की इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर, रेट्रोस्पेक्ट एका झटक्यात हाताशी. बँकेच्या परीक्षेत समानार्थी शब्द आले की हे कामी येतं. वापर मात्र कळत नाही.

दुसरा, इंग्रजी वर्तमानपत्राचा. रावेरच्या केळीच्या बातमीत ‘यील्ड’ म्हणजे उत्पादन; राजकारणाच्या पानावर ‘यील्ड टू प्रेशर’, म्हणजे दबावापुढे झुकणे. मुसळधार पाऊस ‘हेवी रेन’ असतो, ‘स्ट्राँग रेन’ नाही, हे कुठल्याच मुळात सापडत नाही. वेग कमी, आणि वहीत अख्खं वाक्य उतरवायचा कंटाळा (तो येणारच!). परीक्षा तोंडावर असेल तर मुळं धरा. निबंध-मुलाखत गाठायची असेल तर मी वर्तमानपत्रच सुचवेन.