पाच आवाजांचा सिंथ, सहा सूर आणि माझे ४,४३० डॉलर

आकडा आधीच सांगून टाकतो, शेवटपर्यंत ताणून धरायला नको. ४,४३० डॉलर. त्यातले ४,१५० प्रॉफेट-५ नावाच्या एका जुन्या सिंथसाठी, म्हणजे सिंथेसायझरसाठी, आणि २८० त्याच्या ‘परत मिळणाऱ्या’ वाहतूक विम्यासाठी. सिंथ आला नाही आणि विमाही परत मिळाला नाही. आलं ते एक पाकीट. त्याबद्दल पुढे.

असले प्रकार कसे चालतात हे तुम्हाला पाठ असेल. मलाही पाठ होतं. मी काही नवशिका नाही, आणि हे लिहिल्याशिवाय मला राहवतही नाही. अकरा वर्षं मॉड्युलर, म्हणजे सुटी मॉड्यूल्स जोडून बनवलेला सिंथ, वाजवतोय. पॉवरच्या चपट्या वायरीची लाल पट्टी उणे १२ व्होल्टच्या बाजूला लागते हे झोपेतून उठवलंत तरी सांगेन. एकदा उलटी लावून एक फिल्टर जाळलाही आहे. म्हणजे शिकायचं ते पैसे मोजून शिकलेला माणूस. तरीही.

जाहिरातीतली किंमत कमी होती, पण संशय यावा इतकी कमी नव्हती. विकणारा हजार डॉलर म्हणाला असता तर हसून पुढे गेलो असतो. शिवाय या माणसाने स्वतःहून खोडी सांगितल्या. दोन पट्ट्या पिवळ्या पडल्यात, एक नॉब मूळचा नाही, तिसऱ्या आवाजाचा (आवाज म्हणजे एकेक सूर काढणारं स्वतंत्र सर्किट) फिल्टर गरम झाल्यावर जरा सरकतो. मला वाटलं, फसवायचंच असतं तर कुणी स्वतःच्या मालाची खोड कशाला सांगेल? आता कळतं, तेच तर आमिष होतं. रेव्ह २ म्हणजे दुसऱ्या आवृत्तीतल्या एसएसएम चिपा आणि रेव्ह ३ मधल्या कर्टिसच्या चिपा यांच्यावर तो माझ्याशी दोन संध्याकाळी बोलला. १९८० नंतरचा रेव्ह ३ च घे, रेव्ह २ सतत दुरुस्तीला न्यावा लागेल, असा सल्लाही दिला. या विषयावर इतकं लिहिलं गेलंय की हे कुणालाही बोलता येईल. पण समोरचा आपल्या आवडीच्या गोष्टीवर आपल्यासारखाच बोलायला लागला की आपण त्याला आपल्यातला समजून बसतो.

आता व्हिडिओ. याबद्दल लिहिताना अजूनही कान गरम होतात.

मीच मागितला होता. चाळीस सेकंदांचा. लाकडी कडा, काळं पॅनल, लाल आकडे, सगळं जिथल्या तिथे. दोन हात येतात. डावा दोन पट्ट्या दाबून धरतो आणि उजवा वर चार सुरांचा कॉर्ड लावतो. मग फिल्टर हळूहळू उघडत जातो, आणि तो आवाज म्हणजे... मी तो व्हिडिओ त्या रात्री निदान वीस वेळा पाहिला असेल.

डाव्याचे दोन, उजव्याचे चार. सहा. आणि सहाच्या सहा सूर नीट ऐकू येत होते.

प्रॉफेट-५ च्या नावातच पाच आहे. १९७८ साली सिक्वेन्शियल सर्किट्सने तो आणला तेव्हापासून तो पाच आवाजांचाच आहे. सहावी पट्टी दाबली की आधीच्या पाचांतला एक सूर तुटतो. त्या यंत्राची सगळी माया याच तुटण्याच्या आसपास आहे, वाजवणारे त्यानुसार बोटं ठेवायला शिकतात. हे मला माहीत नव्हतं? मी स्वतः लोकांना समजावून सांगितलंय! व्हिडिओत मात्र एकही सूर तुटला नाही, कारण हात कुठले तरी होते आणि आवाज कुठल्या तरी सॉफ्टवेअरचा वर चिकटवलेला होता. सॉफ्टवेअरमध्ये आवाजांची संख्या हवी तेवढी वाढवता येते. आणि प्रत्येक सूर कसा? दुसऱ्याची हुबेहूब नक्कल. खऱ्या जुन्या यंत्रात पाच आवाज म्हणजे पाच सख्खे भाऊ, सारखे दिसतात पण चाल वेगळी.

खरं सांगायचं तर पाचव्या-सहाव्या वेळी मला काहीतरी खटकलं होतं. मी मनाशी म्हटलं, इको असेल. इको!

मग मी दुसरा व्हिडिओ मागितला, एवढं श्रेय मला द्या. म्हटलं, बंद करून चालू कर आणि ट्यूनचं बटण दाबून दाखव. प्रत्येक आवाजाला दोन, असे दहा ऑसिलेटर, म्हणजे मूळ सूर निर्माण करणारे भाग, त्यात आहेत, आणि ते यंत्र एकेकाला तपासून सुरात आणतं. तेवढा वेळ ते काही वाजत नाही. ती शांतता वर आवाज चिकटवणाऱ्याला सुचत नाही. त्याचं उत्तर आलं, ‘सिंथ पॅक झालाय, फोम भरून टेप लावलीय, आता पुन्हा उघडायला लावू नका.’ आणि मी, मीच, त्याची माफी मागितली.

दुसरा व्हिडिओ मिळेपर्यंत पैसे पाठवू नका. ‘पॅक झालाय’ म्हटलं की सौदा मोडा. जाहिरातीतले फोटो आधी कुठे वापरलेत का ते इंटरनेटवर शोधून बघा. मी शोधले, पण पैसे गेल्यावर. मागच्या पॅनलवरच्या सीरियल नंबरचा फोटो तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणी विकलेल्या प्रॉफेटचा निघाला.

पैसे मी ‘मित्र-परिवार’ या पर्यायाने पाठवले. खरेदी म्हणून पाठवले तर तीन टक्के त्याला कापून द्यावे लागतात, ते आपण दोघं वाचवू, असं तो म्हणाला. ४,१५० चे तीन टक्के म्हणजे १२४ डॉलर ५० सेंट. तेवढ्यासाठी मी खरेदीदाराला मिळणारं सगळं संरक्षण सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी विम्याचे २८० मागितले, तेही पाठवले, कारण एव्हाना ४,१५० आत अडकले होते आणि २८० किरकोळ वाटायला लागले होते. इथे पैसा कुठून आला तेही सांगतो. माझ्या मॉड्युलरच्या ८४ एचपी (एचपी हे रुंदीचं माप) केसमधली, म्हणजे पेटीतली, जवळजवळ सगळी मॉड्यूल्स मी १,९०० ला विकली. बाकी साठवलेले होते. केसमध्ये आता पॉवर सप्लाय आणि एक मिक्सर आहे. कशाचं मिक्सिंग करायचं ते विचारू नका.

अठराव्या दिवशी पाकीट आलं. सही मीच केली. आत एक पॅच केबल, साडेतीन मिलिमीटरची, मॉड्युलरवाली. प्रॉफेटमध्ये ती कुठे लागतसुद्धा नाही. त्याच संध्याकाळी एका मित्राला तो व्हिडिओ दाखवला. दहा सेकंद झाली नाहीत तोच तो म्हणाला, “अरे, पाच आवाजांचा ना हा? मग सहावा कुठून आला?”

आता पुढचं ऐका. पैसे पाठवणाऱ्या कंपनीचं म्हणणं, तुम्ही स्वखुशीने परिचिताला रक्कम दिली आहे, परिचितांमधल्या वादात आम्ही पडत नाही. बँक म्हणाली, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, बँकेला विचारा. कुरिअरवाल्यांकडे ‘पोहोचलं, सही मिळाली’ अशी नोंद आहे, त्यांच्या दृष्टीने विषय संपला. पाकिटाचं वजन त्यांच्याच पावतीवर ९० ग्रॅम लिहिलंय. ९० ग्रॅमचा सिंथेसायझर! हे मी पाच वेगवेगळ्या माणसांना सांगितलं, आणि पाचही जणांनी मला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. तक्रारीच्या फॉर्मात वस्तूचे प्रकार चार: मोबाइल, कपडे, तिकीट, इतर. ‘इतर’ निवडलं की पुढचा रकाना भरायची सोयच नाही.

पोलिसांकडे गेलो. समोरच्याने विचारलं, “कॅसिओ का?” मी नाही म्हटलं. किती जुना, तर म्हटलं चाळीस वर्षांहून जास्त. “मग एवढ्या जुन्या वस्तूचे एवढे पैसे दिलेच कशाला?” मी त्याला कर्टिसच्या चिपा समजावायला लागलो, हीही माझीच चूक. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पार्सल मिळालं ना?” मिळालं. “मग हा व्यवहारातला वाद झाला.” केबल टेबलावर ठेवली तर म्हणे पुरावा म्हणून सध्या घेता येणार नाही, तुमच्याकडेच जपून ठेवा. जपून ठेवलीय. ४७ दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, प्रकरण दिवाणी स्वरूपाचं आहे. व्हिडिओ त्यांच्यातल्या कुणी पाहिला होता का, असं विचारायला फोन केला तर फाइलमध्ये व्हिडिओ जोडायची सोय नाही म्हणाले.

जाता जाता, सिंथ खरोखर समोर असेल तरीही सावध राहा. ज्यूनो-१०६ हा जुना सिंथ घेताना सहाही आवाज एकेक करून ऐका, त्याच्या फिल्टरच्या चिपा मरतात हे जगजाहीर आहे. पॉलिसिक्स, तोही जुना सिंथच, असेल तर आतली बॅटरी गळून बोर्ड खाल्लाय का ते झाकण उघडून बघा. पण हे सगळं यंत्र अस्तित्वात असेल तर.

परवा तोच व्हिडिओ पुन्हा दिसला. विक्रेत्याचं नाव वेगळं, किंमत ३,९००, मजकूर तोच, पिवळ्या पट्ट्या त्याच, तिसऱ्या आवाजाचा सरकणारा फिल्टरही तोच. मी सगळे पुरावे जोडून जाहिरात जिथे होती तिथे कळवलं, सहावा सूर कितव्या सेकंदाला येतो तेही लिहिलं. सकाळी उत्तर आलं: ‘आपण कळवलेल्या जाहिरातीत आमच्या नियमांचा भंग आढळला नाही.’