ऑटोकॅडनंतर काटेकोर स्केच शिकायचे कुठे: सॉलिडवर्क्समध्ये की फ्रीकॅडमध्ये?

ऑटोकॅड या संगणकीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेल्या ड्राफ्ट्समनला पॅरामेट्रिक, म्हणजे माप बदलले की आकारही बदलणाऱ्या, सॉफ्टवेअरकडे वळताना पहिली अडचण स्केचमध्येच, म्हणजे ज्यावरून घन भाग घडवतात त्या सपाट आकृतीतच येते, आणि नवशिक्यापेक्षा त्यालाच ती अधिक जाणवते. ऑटोकॅडमध्ये अचूकपणा रेघ ओढतानाच साधावा लागतो. ऑब्जेक्ट स्नॅप (कर्सर नेमक्या टोकाला किंवा मध्याला चिकटवणारी सोय) चालू ठेवून, एफ८ दाबून ऑर्थो (रेघ फक्त आडवी किंवा उभी ठेवणारी सोय) लावून, @१००,० (मागच्या बिंदूच्या उजवीकडे १००) असा आकडा देऊन पुढचा बिंदू पक्का करायचा, ही सवय बोटांत मुरलेली असते. सॉलिडवर्क्स आणि फ्रीकॅड या दोन्हींत मात्र आधी अंदाजे आकार काढतात आणि मग आडवे, समान, सममित अशी बंधने व मापे देऊन तो आवळत नेतात. (ऑटोकॅडच्या २०१० च्या आवृत्तीत अशी बंधने आली, पण ती नेमाने वापरणारा माणूस मला क्वचितच भेटला.)

चार कोपऱ्यांत ९ मिमीची चार होल असलेली १०० × ८० मिमीची प्लेट घेऊ. फ्रीकॅडमध्ये आयत काढल्यावर त्याचे चार स्वातंत्र्याचे अंश, म्हणजे तो अजून हलू किंवा बदलू शकेल अशा चार बाबी, मोकळे उरतात. रुंदी व उंची लिहून समोरासमोरचे दोन कोपरे मूळबिंदूभोवती सममित केले, की ते संपतात आणि रेषा हिरव्या होतात. प्रत्येक होलबरोबर मात्र केंद्राचे दोन आणि व्यासाचा एक असे तीन नवे अंश येतात, म्हणजे एकूण बारा. चारही वर्तुळे समान करून एकच व्यास दिला तर आठ उरतात, आणि हा आकडा फ्रीकॅड बाजूच्या पॅनेलमध्ये दाखवत राहते.

सॉलिडवर्क्समध्ये अपुरे स्केच निळे आणि पूर्ण झालेले काळे दिसते. नेमके काय सैल आहे, हे रेघ माउसने ओढून पाहिल्यावर कळते. जास्तीचे माप दिले, तर ते केवळ दाखवण्यापुरते ठेवायचे का, असे ते विचारते. ही सोय कामाच्या घाईत मोलाची आहे, पण शिकणाऱ्याला आपली चूक न समजताच पुढे जाऊ देते. फ्रीकॅडचे इशारे रुक्ष असले, तरी आकडा शून्यावर आणण्याची शिस्त त्याच्याकडूनच चांगली लागते, असे माझे मत आहे.

पैशांचा फरक उघड आहे: फ्रीकॅड मोफत असून २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, तर सॉलिडवर्क्सचा परवाना महाग आहे आणि ते फक्त विंडोजवर चालते. ऑटोकॅडच्या जुन्या डीडब्ल्यूजी फायली सॉलिडवर्क्स थेट उघडते. फ्रीकॅडला त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर जोडावा लागतो, डीएक्सएफ हा आरेखनांच्या देवाणघेवाणीचा फाइल-प्रकार मात्र ते स्वतः वाचते. तरीही आयात केलेल्या रेषा बहुधा बंधनांशिवायच येतात, म्हणून लहान भाग दोन्हींकडे नव्याने काढलेलाच बरा. तसे करताना कोपऱ्यांची गोलाई स्केचमध्ये न घालता घन आकार तयार झाल्यावर द्यावी, म्हणजे बंधनांचा गुंता होत नाही.

ज्या कारखान्यात जायचे तिथे सॉलिडवर्क्स ठरलेलेच असेल, तर सुरुवात तिथूनच करावी. खर्च स्वतःच्या खिशातून होणार असेल, तर हीच प्लेट आधी फ्रीकॅडमध्ये पूर्ण हिरवी करून पाहावी आणि मगच परवान्याचा विचार करावा.