नव्या न्हाणीघराची नळजोडणी: आठ महिन्यांनंतर काय टिकलं, काय बदलावं लागलं

सामान असं: एसडीआर ११ चे (व्यासाच्या मानाने भिंतीची जाडी सांगणारा आकडा) सीपीव्हीसी पाइप, म्हणजे गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे पाइप, नळाच्या प्रत्येक टोकाला पितळी आट्यांचे एल्बो, दोन कन्सील्ड (भिंतीत लपणारे) स्टॉप कॉक, एक डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा), पाच अँगल कॉक (भिंतीबाहेरचे काटकोनी छोटे कॉक). वापरणारी माणसं चार. इंदूरच्या बऱ्याच वस्त्यांसारखं इथेही नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, मधल्या दिवसाची भर बोरिंगवर. आठ महिन्यांत पाइप कुठेही पाझरला नाही. सगळी कुरकुर व्हॉल्व्हांची, आणि तिचं मूळ बोरिंगच्या जड (क्षारांच्या) पाण्यात.

टाकीखाली गेट व्हॉल्व्ह लावला होता. सहाव्या महिन्यात तो पूर्ण बंद होईना. त्याची पाचर, म्हणजे पाणी अडवणारी आतली पट्टी, खालच्या खाचेत बसते. त्याच खाचेत गाळ आणि क्षार साठले की पाचर वरच अडते. जोर लावला तर स्पिंडल (फिरवायचा दांडा) तुटतो. त्याच्या जागी फुल बोअर (पाइपइतकंच भोक असलेला) बॉल व्हॉल्व्ह बसवला आहे. साध्या बॉल व्हॉल्व्हचं भोक पाइपपेक्षा लहान असतं आणि टाकीचा दाब आधीच कमी, म्हणून 'फुल बोअर' मागूनच घ्यावा. टाकी शॉवरपेक्षा ३ मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) मिळतो. महिन्यातून एकदा हा व्हॉल्व्ह बंद-चालू करावा, नाहीतर क्षार बसून तोही जाम होतो.

अँगल कॉक पाव फेऱ्याचे, सिरॅमिक चकतीचे. वाळूचा एक कण चकतीत अडकला की ओरखडा पडतो आणि थेंब थांबत नाही. म्हणून कॉक लावण्याआधी प्रत्येक टोकातून बादलीभर पाणी जोरात सोडून लाइन धुवावी. ही पायरी घाईत हमखास सुटते.

गरम पाण्याच्या लाइनचा हिशेब आधीच करावा. पाऊण इंची पाइपात मीटरला सुमारे पाव लिटर पाणी मावतं, अर्ध्या इंचीत त्याच्या निम्मं. गीझरपासून शॉवर ६ मीटर असेल तर पाऊण इंचीत दर वेळी दीड लिटर गार पाणी वाया जातं. एकाच शॉवरसाठी अंतर फार नसेल तर गरम लाइन अर्धा इंची चालते. गार पाण्याची मुख्य लाइन मात्र पाऊण इंचीच हवी. गीझर ५० ते ५५ अंशांवर ठेवला की क्षारही कमी बसतात. गीझरच्या इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) असेल तर पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडणारच: फुगलेल्या पाण्याला मागे जायला वाट नसते. तिथे बूच कधीही मारू नये. नळी लावून ते पाणी मोरीत सोडावं.

जोडाचं म्हणाल तर पाइप सरळ कापायचा, कडेची बर (कापताना राहिलेला खरखरीत कंगोरा) काढायची. सॉल्व्हंट (जोड चिकटवायचा द्रव) सीपीव्हीसीचंच घ्यायचं, पाइपवर भरपूर आणि सॉकेटमध्ये पातळ लावायचं. सॉकेटमध्ये जास्त झालं तर आत ओघळून अर्ध्या इंचाचा मार्ग अडतो. पाव फेरा देत आत ढकलून ३० सेकंद दाबून धरायचं, नाहीतर पाइप मागे सरकतो. पितळी नळ प्लास्टिकच्या आट्यांत पिळला की फिटिंग चिरते, लगेच नाही तर काही आठवड्यांनी, टाइल लागल्यावर. पितळी इन्सर्टसाठी (फिटिंगमध्ये बसवलेल्या पितळी आट्यांसाठी) खर्च होणारे जास्तीचे पैसे इथेच वसूल होतात.

चोवीस तासांनी हातपंपाने १० किलो दाब देऊन तासभर दाबमापकाचा काटा बघावा. त्याआधी सर्वांत उंच टोकातून हवा काढावी. हवा राहिली तर गळती नसतानाही काटा हलतो. नुसतं टाकीचं पाणी सोडून 'गळत नाही' म्हणणाऱ्यावर भरवसा ठेवू नये, त्या दाबाला कच्चा जोडही तग धरतो.

कन्सील्ड स्टॉप कॉक किती खोल बसवायचा हे टाइल आणि तिच्याखालचा मसाला धरून ठरवावं. इथे एक १२ मिमी जास्त आत गेला, एक्स्टेन्शन लावावं लागलं. आणि प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा, मोजपट्टी धरून, फोटो काढून ठेवावा. पुढे आरशासाठी ड्रिल मारताना तोच उपयोगी पडतो.