दादरचा व्याकरणवर्ग आणि ‘टु हॅव’चा घोळ

दादर पश्चिमेला, स्थानकापासून पाच मिनिटांवर एका चाळीतल्या खोलीत इंग्रजी व्याकरणाचा सायंवर्ग भरतो. तिथे मी दोन महिने गेलो. खोली कोंदट आहे आणि 4,000 रुपये फी मला जास्तच वाटली. तरीही ‘टु गो’ लिहावे की ‘टु हॅव गॉन’, हे कोडे तिथे जसे सुटले तसे मला आजवर कुठेही सुटले नव्हते.

घटना भूतकाळातली असेल तर ‘टु हॅव’ लावून क्रियापदाचे तिसरे रूप लिहावे, हे शाळेतले सूत्र घोकून मी कार्यालयीन पत्रांत वर्षानुवर्षे चुका केल्या. तुलना आजशी नव्हे, मुख्य क्रियापदाशी करायची, हे बाईंनी पहिल्याच तासाला बजावले. ‘ही सीम्ड टु बी टायर्ड’ यात सगळेच कालचे असले तरी रूप साधे राहते, कारण थकलेला असणे आणि तसे दिसणे एकाच वेळचे. ‘ही सीम्ड टु हॅव मिस्ड द ट्रेन’ यात मात्र गाडी आधी चुकली, चेहऱ्यावर ते नंतर दिसले. मग त्यांनी वर्तमानपत्री मराठीतली ‘मंत्री दिल्लीला जात असल्याचे समजते’ आणि ‘गेल्याचे समजते’ ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली. ‘गेल्याचे’ म्हणजेच ‘टु हॅव गॉन’! ‘आय होप टु हॅव फिनिश्ड बाय फ्रायडे’ या वाक्यात तर भूतकाळाचा मागमूसही नाही. काम शुक्रवारपर्यंत संपलेले असावे, एवढेच. ‘द ब्रिज वॉज टु हॅव ओपन्ड इन मे’ म्हणजे पूल मे महिन्यात सुरू व्हायचा होता, पण झाला नाही. मुंबईकरांना हे वाक्य वेगळे समजावावे लागले नाही.

छापील नोट्सबद्दल मात्र तक्रार आहे. त्यांत ‘आय वुड हॅव लाइक्ड टु हॅव सीन इट’ हे आदर्श वाक्य म्हणून दिले आहे. बोलताना असे दुहेरी ‘हॅव’ सर्रास ऐकू येते, पण लिहिताना बहुधा एकच पुरते: तेव्हा पाहायची इच्छा होती असे सांगायचे असेल तर ‘वुड हॅव लाइक्ड टु सी’, आणि पाहायला मिळाले असते तर बरे झाले असते असे आज वाटत असेल तर ‘वुड लाइक टु हॅव सीन’. मी विचारले तेव्हा ‘सगळे चालते’ म्हणून विषय मिटवला गेला. पुढच्या तुकडीत जाणाऱ्यांनी नोट्स हातात पडताच त्या वाक्यावर काट मारावी; वर्ग चुकवू नये.