डिजिटल प्रणालीच्या नावाखाली झालेली फसवणूक: बांधकाम व्यावसायिकांसाठी एक सविस्तर अनुभव

बांधकाम व्यवसायाने डिजिटल साधने स्वीकारली पाहिजेत, याविषयी माझ्या मनात आजही किंचितही शंका नाही. मी एका मध्यम आकाराच्या बांधकाम कंपनीत नियोजन आणि मोजमापाचे काम पाहतो. एका बहुमजली इमारतीसाठी त्रिमितीय मॉडेल, ड्रोन मोजणी आणि नोंदी सांभाळणारी जी डिजिटल प्रणाली आम्ही विकत घेतली, तिच्या पुरवठादाराने आमची पद्धतशीर फसवणूक केली. ती कोणत्या मार्गांनी झाली हे तपशीलवार मांडतो आहे, कारण तेच मार्ग इतरत्रही सहज वापरता येण्याजोगे आहेत.

सुरुवात खऱ्या आकडेवारीने झाली. मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटच्या २०१७ सालच्या अहवालात, त्याआधीच्या दोन दशकांत बांधकाम क्षेत्रातील श्रम-उत्पादकता वर्षाला सरासरी १ टक्क्याने वाढली, तर जगाच्या एकूण अर्थव्यवस्थेत ती २.८ टक्क्यांनी वाढली, असे नोंदवले आहे. ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या प्रकल्पांना बीआयएम, म्हणजे इमारतीच्या माहितीचे त्रिमितीय मॉडेल, बंधनकारक केले, हेही खरे आहे. पुरवठादाराच्या सादरीकरणात या दोन्ही गोष्टी होत्या आणि त्यांच्याच ओघात तिसरे विधान होते की त्यांचे सॉफ्टवेअर ‘आयएसओ १९६५० प्रमाणित’ आहे. २०१८ पासून प्रसिद्ध होत गेलेली ही मानकमालिका प्रकल्पातील माहितीचे व्यवस्थापन संस्थांनी कसे करावे हे सांगते. एखाद्या सॉफ्टवेअरला त्या मानकाचे प्रमाणपत्र मिळण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय आयएसओ ही आंतरराष्ट्रीय मानके ठरवणारी संस्था स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. दोन खऱ्या विधानांच्या आधाराने तिसरे खोटे विधान खपवण्याची ही रीत फार परिणामकारक ठरते, कारण ऐकणारा पहिली दोन पडताळून पाहतो आणि ती बरोबर निघाली की तिसऱ्यावरही विश्वास ठेवतो.

प्रात्यक्षिक त्यांच्याच नमुना इमारतीवर झाले. आमच्या प्रकल्पाची ड्रॉइंग वापरून दाखवा, असे आमच्या वास्तुविशारदांनी दोनदा सुचवले होते. त्यावर माहितीच्या गोपनीयतेचे कारण पुढे करण्यात आले, जे त्या वेळी जबाबदारीचे लक्षण वाटावे असेच होते. करारात एक मोठा हप्ता ‘शून्य क्लॅश अहवाल’ सादर होण्याशी जोडलेला होता. म्हणजे रचनेची तुळई, सांडपाण्याचा पाइप, हवेचे डक्ट आणि विजेचे ट्रे एकमेकांना कुठेही आडवे येत नाहीत, असे मॉडेलवरून सिद्ध झाल्यावरच ती रक्कम द्यायची होती. अट आमच्या हिताची होती, परंतु फसवणुकीचा मुख्य भाग नेमका तिच्याभोवती रचला गेला.

अहवाल वेळेवर आला, त्यावर ‘शून्य’ लिहिलेले होते आणि सोबत रंगीत चित्रे होती. पुढे एका मजल्यावर प्लंबिंगचे कारागीर काम करू लागले तेव्हा सांडपाण्याचा पाइप तुळईच्या खालच्या भागात शिरत असल्याचे दिसले. ड्रॉइंगप्रमाणे तिथे स्लीव्ह, म्हणजे पाइप जाण्यासाठी काँक्रीटमध्ये आधीच ठेवायची नळी, ठेवलेली नव्हती आणि तुळई आधीच ओतून झाली होती. ओतलेल्या तुळईत कोअर कटिंग करायचे, म्हणजे यंत्राने गोल भोक पाडायचे, तर आतल्या सळया कापल्या जाण्याचा धोका पत्करायचा; रचना अभियंत्यांनी त्याला परवानगी दिली नाही आणि तो योग्यच निर्णय होता. पाइपाचा मार्ग बदलावा लागला, त्यामुळे छताची उंची कमी झाली आणि खालच्या मजल्याची फॉल्स सीलिंगची ड्रॉइंग नव्याने करावी लागली. अशा जागा नंतर सापडतच गेल्या.

तेव्हा आम्ही अहवालाऐवजी त्या तपासणीच्या सेटिंग मागितल्या. बऱ्याच टाळाटाळीनंतर त्या मिळाल्या आणि सगळा प्रकार स्पष्ट झाला. क्लॅश तपासताना किती मिलिमीटरपर्यंतची घुसखोरी दुर्लक्षित करायची ही मर्यादा ठरवता येते. अशा तपासणीत ती साधारणतः अगदी लहान ठेवतात. येथे ती १०० मिलिमीटर ठेवली होती, म्हणजे पाइप तुळईत ८० मिलिमीटर शिरला तरी संगणकाच्या लेखी तिथे काहीच घडत नव्हते. अग्निशमनाचे पाइप तपासणीतून संपूर्ण वगळले होते आणि रचनेचे मॉडेल जुन्या सुधारणेच्या ड्रॉइंगवर आधारलेले होते. हा निष्काळजीपणाही असू शकला असता. परंतु त्यांनीच पाठवलेल्या एका ईमेलच्या खालच्या साखळीत त्याच मॉडेलचा १० मिलिमीटर मर्यादेचा आधीचा अहवाल राहून गेला होता, आणि त्यात क्लॅशची पाने भरलेली होती. ते त्यांना दिसले होते. ते सोडवण्याऐवजी त्यांनी मर्यादा वाढवली आणि हप्ता उचलला.

दुसरा प्रकार मॉडेलच्या आतला होता आणि तो बाहेरून दिसत नाही, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये इमारतीची माहिती नेता-आणता यावी यासाठी आयएफसी नावाचे खुले स्वरूप आहे. बिल्डिंगस्मार्ट इंटरनॅशनल ही संस्था ते सांभाळते आणि आयएसओ १६७३९ या क्रमांकाने ते आंतरराष्ट्रीय मानकही आहे. ‘आमची प्रणाली आयएफसी देते’ हे विधान करारात होते आणि अक्षरशः ते खरेही होते, कारण फाइल मिळत होती. मात्र आमच्या अभियंत्याने ती दुसऱ्या, विनामूल्य दर्शक सॉफ्टवेअरमध्ये उघडली तेव्हा भिंती, दारे, तुळया, पाइप असे सगळेच घटक ‘बिल्डिंग एलिमेंट प्रॉक्सी’ या एकाच वर्गात पडलेले आढळले. आयएफसीमध्ये ज्या वस्तूचा प्रकार सांगता येत नाही तिच्यासाठी हा वर्ग असतो. डोळ्यांना इमारत दिसत होती, पण कोणती वस्तू भिंत आहे आणि कोणती दार आहे हे फाइलला ठाऊक नव्हते. त्यामुळे त्यातून काँक्रीटचे परिमाण प्रकारानुसार काढता येत नव्हते, दारांचा अग्निरोधक दर्जा कुठेच नोंदलेला नव्हता, आणि इमारत चालवणाऱ्या संस्थेला देखभालीसाठी हे मॉडेल देण्याचा जो मूळ हेतू होता, तो सुरुवातीपासूनच अशक्य होता. द्विमितीय ड्रॉइंगवरून कोणीतरी घनाकृती उभ्या केल्या होत्या आणि त्यांनाच बीआयएम म्हणून आमच्याकडून पैसे घेतले होते.

ड्रोनच्या मोजणीची गोष्ट तुलनेने साधी आहे, तरी तीत अडकणारे पुष्कळ असावेत. मातीकामाच्या मासिक अहवालावर ‘अचूकता ३ सेंटीमीटर’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात तो आकडा छायाचित्रातील एका ठिपक्याने जमिनीवर व्यापलेल्या जागेचा होता. मोजणी किती अचूक आहे हे त्यावरून ठरत नाही; त्यासाठी जमिनीवर नियंत्रण बिंदू ठेवून सर्वेक्षकाच्या उपकरणाने त्यांचे मोजमाप घ्यावे लागते आणि काही स्वतंत्र बिंदूंवर निकाल पडताळावा लागतो. हे बिंदू कधी ठेवलेच गेले नव्हते. १०,००० चौरस मीटर क्षेत्रावर उंचीत केवळ १० सेंटीमीटरची चूक झाली तर घनफळात १,००० घनमीटरचा फरक पडतो, आणि याच आकड्यांवर उपकंत्राटदाराची बिले निघत होती. त्यातून निर्माण झालेल्या वादात दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, हे मला विशेष दुःखद वाटते. जुने आणि विश्वासू संबंध एका छापील आकड्यामुळे बिघडले.

आम्ही कराराचे नूतनीकरण नाकारले तेव्हा प्रकल्पाची माहिती ज्यावर होती ते पुरवठादाराचे पोर्टल बंद झाले. ‘सर्व माहिती ग्राहकाची आहे’ असे कलम करारात होते, पण ती कोणत्या स्वरूपात परत द्यायची हे त्यात नव्हते, आणि पुरवठादाराने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. आम्हाला केवळ आकडे नावे असलेल्या पीडीएफ फाइलींचा ढीग मिळाला. साइटची छायाचित्रे होती, पण कोणते कोणत्या मजल्याचे हा संबंध तुटलेला होता. मंजुरीच्या नोंदींतून वेळा गायब होत्या, आणि कोणी काय केव्हा मंजूर केले हे सिद्ध करण्यासाठी नेमक्या त्याच लागणार होत्या. वकिलांमार्फत पत्रव्यवहार चालू आहे.

सध्या जे अशा करारावर सही करण्याच्या टप्प्यावर आहेत, त्यांनी प्रात्यक्षिकासाठी स्वतःच्या प्रकल्पाचा एखादा अवघड मजला द्यावा आणि गोपनीयतेचे कारण पुढे आले तर गोपनीयतेचा करार करून तेच प्रात्यक्षिक पुन्हा मागावे. सॉफ्टवेअर आयएफसीसाठी खरोखर प्रमाणित आहे का, हे बिल्डिंगस्मार्टने प्रसिद्ध केलेल्या यादीत पाहता येते. तिथे फाइल वाचण्याचे आणि बाहेर देण्याचे प्रमाणपत्र वेगवेगळे असते, हेही लक्षात घ्यावे. क्लॅश अहवालासोबत मर्यादा, वगळलेले घटक आणि ड्रॉइंगचा सुधारणा क्रमांक जोडणे करारातच बंधनकारक करावे. माहिती परत देण्याच्या कलमात स्वरूपांची नावे लिहावीत: मॉडेलसाठी आयएफसी, त्यावरील हरकतींसाठी बीसीएफ, लेझर स्कॅनसाठी ई५७, नोंदींसाठी वेळांसह तक्ते. ही संपूर्ण प्रत दरमहा मागावी. आमच्या नव्या प्रकल्पात पुरवठादाराचे मासिक बिल, ती प्रत आमच्या अभियंत्याने दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तपासल्यानंतरच मंजूर होते, आणि ही अट मान्य नसलेल्या पुरवठादारांशी आम्ही बोलणी पुढे नेलेली नाहीत.