रूल ११०० बिल्ज पंप: स्की-बोटीतलं पाणी किती उपसतो, किती मागे ठेवतो

बिल्ज पंप म्हणजे बोटीच्या तळात साठलेलं पाणी बाहेर फेकणारा विजेचा पंप, आणि रूल हा त्याचा ब्रँड. डब्यावर छापलेले ११०० म्हणजे ताशी गॅलन. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, त्यामुळे तासाला सुमारे ४,१६० लिटर, मिनिटाला ६९. हा आकडा पाइप न जोडता, पाणी वर न चढवता मोजलेला असतो. बोटीत बसवल्यावर पाइप मीटरभर वर जातो, एक-दोन वळणं घेतो, वायरीत थोडा व्होल्टेज खर्ची पडतो, आणि प्रत्यक्षात साठ-सत्तर टक्के पाणी बाहेर पडतं. यात रूलची लबाडी नाही, कुठल्याही सेंट्रिफ्यूगल पंपाचं असंच असतं. पंप निवडताना मात्र छापील आकड्याला एक तृतीयांश कात्री लावूनच हिशेब धरावा.

तो हिशेब स्की-बोटीत, म्हणजे पाण्यावर स्की करणाऱ्याला दोरीने ओढणाऱ्या बोटीत, कुठे लागतो ते बघा. डायरेक्ट-ड्राइव्ह बोटीत इंजिन मधोमध असतं, शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) तळातून तिरका बाहेर निघतो आणि तळाला पाणी सोडायचं ब्राँझचं बूच असतं. बोट ट्रेलरवरून उतरवताना हे बूच लावायचं राहून जातं, भल्याभल्यांचं राहतं. भोक साधारण १९ मिमीचं आणि पाण्याखाली ३० सेंमी धरलं, तर मिनिटाला २५ लिटर, म्हणजे तासाला दीड हजार लिटर पाणी आत येतं. रूल ५०० ची छापील क्षमता ताशी १,८९० लिटर, कात्री लावून उरतात बाराशे. पंप चालू असूनही पाणी चढतच राहणार. ११०० प्रत्यक्षात अडीच हजारांच्या वर उपसतो, म्हणजे बूच शोधून लावायला वेळ मिळतो. पाचशे आणि अकराशेच्या किमतीत जो काही फरक आहे, तो याच एका गोष्टीसाठी मोजावा.

अडचण पाइपाची. रूलचे ५०० आणि ८०० हे पाऊण इंची तोंडाचे, ११०० चं तोंड १-१/८ इंची. जुन्या बोटींत बाजूला पाणी सोडायचं फिटिंग बहुधा पाऊण इंची असतं. इथे बरेच जण रिड्यूसर (मोठ्या तोंडाला लहान पाइप जोडायचा तुकडा) लावून नवा पंप जुन्या पाइपाला जोडतात, आणि वर ११०० पाणी टाकत नाही म्हणून खराब शेरा लिहितात. गळा आवळल्यावर तो तरी काय करणार? पाइप आणि फिटिंग दोन्ही बदलायची तयारी नसेल तर सरळ ८०० घ्यावा. पाइप आतून गुळगुळीत हवा. पन्हाळीसारखा वळ्यावळ्यांचा स्वस्त पाइप प्रवाह खातो आणि क्लॅम्पखाली नीट बसतही नाही. पंपापासून फिटिंगपर्यंत पाइप सतत चढता असावा. मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साचतं, मागे हवा अडकते, आणि मोटर नुसती गुरगुरते. पंप चालू, बाहेर थेंब नाही, अशी तक्रार आली की आधी झोळ शोधायचा. बाहेरचं फिटिंग पाणरेषेच्या चांगलं वर हवं, नाहीतर पंप बंद झाल्यावर सायफन होऊन तळ्याचं पाणी त्याच वाटेने आत येतं.

आता पंप मागे किती ठेवतो ते. पंप थांबला की चढत्या पाइपातलं पाणी परत खाली येतं. १-१/८ इंची पाइपात मीटरला सुमारे ६४० मिली मावतं, दोन मीटर चढ असला तर सव्वा लिटर. शिवाय गाळणीच्या खाचांखालचा थर पंपाला उचलता येत नाहीच. सपाट, लांब तळाच्या बोटीत तो दिसायला फार दिसतो. मोठा पंप घेतला की परत येणारं पाणीही वाढतं, हे विक्रेता सांगत नाही. त्यावर उपाय म्हणून पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकू नये. एकतर तो प्रवाह कमी करतो, आणि त्यात काडीकचरा अडकला की उघडतच नाही. हे उरलेलं पाणी बुचाचं काम आहे. बोट ट्रेलरवर चढवली, ट्रेलरच्या पुढच्या जॅकने नाक उचललं, बूच काढलं की पाच-दहा मिनिटांत निथळते. कोपऱ्यांत राहिलं तर स्पंज. बूच हाताने घट्ट बसेपर्यंत फिरवायचं, मग पान्याने थोडंसंच. जास्त पिळलं की फायबरमध्ये बसवलेली बाहेरची चकती सैल होते आणि गळती तिच्या कडेने सुरू होते.

हा पंप आपोआप चालू होत नाही, त्याला फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याबरोबर वर उचलला गेला की पंप सुरू करणारा स्विच, वेगळा लागतो. रूलचेच आपोआप चालणारे पंपही मिळतात. त्यांतला एक प्रकार दर अडीच मिनिटांनी क्षणभर फिरून पाणी आहे का ते चाचपतो. दिवसाला ५७६ वेळा, महिन्याला साधारण १५ अँपिअर-तास बॅटरी. रोज चालणाऱ्या बोटीला हे काहीच नाही, पण लिफ्टवर (बोट पाण्याबाहेर उचलून धरणाऱ्या चौकटीवर) दोन महिने उभ्या बोटीची बॅटरी त्यात बसते. शिवाय इंपेलरला (पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चक्राला) केस किंवा दोरीचा धागा गुंडाळला गेला की मोटरवर भार येतो आणि पंपाला वाटतं पाणी आहे. मग थांबायचं नावच नाही. स्की-बोटीत दोरीचे धागे नेहमीचेच. म्हणून आमचं मत साध्या ११०० आणि वेगळ्या फ्लोटच्या बाजूने. एक बिघडला तर दुसरा बदलावा लागत नाही.

फ्लोटची बिजागरी नाकाकडे, तरंगता भाग मागे. थ्रॉटल दिल्यावर नाक उचललं जातं आणि तळातलं सगळं पाणी मागे धावतं, ते फ्लोटवर समोरून आदळू नये. फ्लोटची उंची पंपाच्या बैठकीइतकी किंवा किंचित वर. फार खाली बसवला तर परत आलेलं सव्वा लिटर पाणी त्याला पुन्हा उचलतं आणि पंप मिनिटागणिक चालू-बंद होत राहतो. पंप आणि फ्लोट दोन्ही स्क्रूने थेट तळात ठोकू नयेत. प्लास्टिकचा तुकडा इपॉक्सीने चिकटवून त्यावर स्क्रू मारावेत.

वायरिंगमध्ये जास्तीत जास्त पंप मरतात. फ्लोटची वायर मुख्य बॅटरी स्विचला वळसा घालून, फ्यूजमधून थेट बॅटरीला, आणि डॅशबोर्डवरचा हाताने चालवायचा स्विच वेगळा. पाचेक मीटर अंतराला १४ गेजची टिन केलेली वायर पुरते. फ्यूज लेबलवर लिहिला आहे तोच. मोठा टाकला तर इंपेलर अडकल्यावर फ्यूज उडत नाही, वायर तापते, आणि हे पेट्रोल इंजिनाच्या शेजारी घडतं. जोड डिंकवाल्या हीट-श्रिंकचे (तापवल्यावर आवळून बसणाऱ्या नळीचे) आणि पाण्यापासून वर बांधलेले हवेत. साध्या टेपने गुंडाळलेला जोड हंगामाअखेर सोलून बघितला तर तांबं आत हिरवं पडलेलं असतं. बाहेरून मात्र सगळं ठाकठीक. काम सुरू करण्याआधी ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवावा, मग बॅटरीची तार काढावी.

साफसफाईला हा पंप सोपा. बाजूच्या दोन पाकळ्या दाबल्या की मोटर गाळणीतून सुटून हातात येते, पाइप काढावा लागत नाही. इंपेलरभोवती केस, झाडाचं पान, फायबरचे तुकडे, कापलेल्या झिप-टायची टोकं निघतात. हंगामात दोनदा तरी काढावं. नंतर तळात १० लिटरची बादली ओतावी, फ्लोट हाताने न उचलता पाण्यानेच उचलला जातो का ते बघावं, आणि बाहेर पडणारी धार मोजावी. १० लिटर काढायला पाव मिनिटाच्या आसपास लागायला हवं, अर्ध्या मिनिटावर गेलं तर कुठेतरी अडलं आहे.

पाणी मुळात येतं कुठून, हे पंप सांगत नाही. पोहून वर चढणारे आणि ओल्या दोऱ्या बादलीभर पाणी आणतातच. स्टफिंग बॉक्स, म्हणजे शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथला पाणी अडवणारा जोड, जुन्या पॅकिंगचा (दाबून भरलेल्या दोरीचा) असेल तर चालताना थोडे थेंब पडणं अपेक्षितच असतं, शाफ्ट त्या पाण्यानेच थंड राहतो. धार लागली तर नट हळूहळू आवळायचा, मग लॉकनट. याखेरीज रडरची (सुकाणूची) पॅकिंग, इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचा सील, एक्झॉस्ट होजचे क्लॅम्प. तासाभराच्या फेरीत पंप तीन-चारदा आपोआप सुरू होत असेल तर पंपाला शाबासकी देण्याआधी यांतलं कोण गळतंय ते बघा. तळात तेलाचा तवंग असेल तर पंप चालू करूच नका. अमेरिकेत पाण्यावर तवंग सोडणं कायद्याने गुन्हा आहे. तेल शोषणारी गादी इंजिनाखाली कायम टाकून ठेवावी.

मिनेसोटात तळ्यावरून निघताना बूच काढून, तळ रिकामा करूनच बोट रस्त्यावर न्यायची असा कायदा आहे, एका तळ्यातून दुसऱ्यात पसरणाऱ्या उपद्रवी झेब्रा शिंपल्यांमुळे. तिथे कितीही चांगला पंप असला तरी तो पुरेसा ठरत नाही, बूच बाहेर दिसलं पाहिजे. तारकर्ली किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर इंजिन बहुधा बाहेर टांगलेलं असतं, त्यामुळे स्टफिंग बॉक्सचा प्रश्नच नाही, पण पाइप, फ्लोट आणि जोडांबद्दल वर लिहिलेलं सगळं तिथेही लागू. खाऱ्या पाण्यात जोड हिरवा पडायला हंगामही लागत नाही.

गोठणाऱ्या प्रदेशात हिवाळ्याआधी मोटर काढून गाळणीतलं पाणी पुसून ठेवावं. आत राहिलेलं पाणी गोठलं की प्लास्टिकचा सांगाडा तडकतो. ती चीर कोरड्या बोटीत दिसत नाही, वसंतात पहिल्यांदा पाणी उपसताना धार निम्मी झालेली असते तेव्हा कळते.