‘जंगली तेरडा’ म्हणून घेतलेली 40 रुपयांची पुडी

जूनमध्ये इथल्याच एका नर्सरीतून तेरड्याच्या बिया आणल्या. भैयांना ‘तेरडा’ कळेना. इंदुरात त्याला गुलमेहंदी म्हणतात. ‘‘वही जंगली वाला है भाभीजी, आँख मूँद के ले जाओ.’’ मी खरंच डोळे मिटून आणली.

उगवण झकास. आठवड्याभरात तीसातली सव्वीस रोपं वर. घोळ कळला ऑगस्टमध्ये. फूल उघडलं ते गुलाबासारखं, पाकळीवर पाकळी, गच्च! रानातला तेरडा एकेरी असतो, गुलाबी, आणि मागे मधाची बारीक वाकडी शेपटी. माझ्या कुंडीत ती शेपटी शोधावी लागली.

एवढा हट्ट कशाला, तर सासूबाई मूळच्या रत्नागिरीच्या. इथे बहुतेकांकडे महालक्ष्म्या मुखवट्यांच्या, आमच्याकडे मुळासकट आणलेल्या तेरड्याची गौर. अनुराधेला येते, ज्येष्ठेला जेवते, मुळावर निघते. म्हणूनच तर तेरड्याचा रंग तीन दिवस. त्यांनी कुंड्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘ही गौर पार्लरमधून आली का गं?’’

शेवटी आदल्या दिवशी ह्यांना घेऊन महूच्या पुढे, पातालपाणीच्या बाजूला गेले. झाडांच्या अर्ध्या सावलीत, काळ्या खडकाच्या उतारावर गुडघाभर तेरडा माजला होता. तिथे पाणी दिवसभर झिरपतं, पण मुळाशी थांबत नाही. पिकलेल्या केसाळ बोंडाला नुसतं बोट लावलं की फट्‌! पाच फाका आत वळतात आणि बिया उडतात. एक थेट ह्यांच्या चष्म्यावर. तीन झाडं मुळासकट घेतली, बाकी राहू दिली. पुढच्या पावसाळ्याचा तेरडा त्यांच्याच बियांतून येणार, जुनं झाड काही दिवाळीनंतर टिकत नाही.

कुंडीतली निम्मी रोपं झडीत कुजली, पण तो दोष पुडीचा नाही. मी शेतातली काळी माती भरली होती, आणि कुंड्यांची भोकं बुजलेली. उरलेल्यांनी भरपूर फुलं दिली. लेकीने ती तुरटी घालून वाटली, रात्रभर नखांवर बांधली. सकाळी बोटं मस्त तांबडी.

तर बियांना चार तारे, पुडीवरच्या नावाला एक. भैया, ‘डबल गुलमेहंदी’ लिहा ना सरळ, तरी लोक घेतील. घाटातल्या बोंडांच्या चिमूटभर बिया मी कागदात बांधून ठेवल्यात. जूनमध्ये मुरूम मिसळून टाकीन.